एकतान मंडळीचा तंबोरा

मी तंबोरा. मिरजेत घडलेला. मला चार तारा आहेत आणि त्यांवर एकच वाक्य उमटतं : प, सा, सा, सा. छत्तीस वर्षं मी तेवढंच बोलत आलो. कुणी आनंदात असो, कुणी रडत असो, माझं वाक्य बदलत नाही. पण ऐकलं मात्र सगळं. ते आज सांगतो.

माझा भोपळा शेताच्या बांधावर वाढला, उन्हात वाळला आणि बैलगाडीतून मिरजेला आला. तिथल्या कारागिरानं त्याला तुणाच्या लाकडाची दांडी जोडली, खुंट्या बसवल्या, हस्तिदंती वेल काढली. १९११ साली, दिवाळी होऊन गेल्यावर, एक सडपातळ गृहस्थ दुकानात आले. डोक्याला पागोटं, कोटाच्या खिशात खडूचा तुकडा. त्यांनी दुकानातले सात तंबोरे छेडून पाहिले आणि माझ्यापाशी थांबले. कान दांडीला लावून कितीतरी वेळ डोळे मिटून बसले.

"हाच," ते म्हणाले.

ते दत्तोपंत येळ्ळूरकर. बेळगावच्या एका शाळेत गणित शिकवायचे आणि व्हायोलिन वाजवायचे. कॅम्पात गोऱ्या पलटणीचा वाद्यमेळ बाहेरच्या मैदानात वाजे, तो ऐकायला ते कुंपणापाशी उभे राहत. वीस माणसं वीस वाद्यं वाजवतात आणि ऐकू येतं एकच काहीतरी, याचं त्यांना वेड लागलं होतं. आपल्याकडे गाणारा पुढं बसतो आणि वाजवणारे त्याच्या मागं चालतात. नुसत्या वाद्यांची, आपल्या रागांची अशी एक मंडळी का असू नये, एवढंच त्यांच्या डोक्यात.

आगगाडीत त्यांनी मला मांडीवर घेतलं. खाली ठेवलं नाही.

मंडळीचं नाव ठेवलं 'एकतान'. दर रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये बाकं सरकवून सतरंजी पडायची. नऊ-दहा माणसं जमायची. कंग्राळीचे मारुतीराव दिलरुबा घेऊन चालत यायचे. त्यांच्या धोतराच्या काठाला शेतातली काळी माती असायची. यल्लाप्पा मूळचा निपाणीचा, बेळगावात तंबाखूच्या वखारीत कामाला होता. त्याच्या बासरीलाही तंबाखूचा वास यायचा. वकिलाचा मुलगा मार्तंड दुसरं व्हायोलिन वाजवायचा. मंडळीत तो आला तेव्हा कॉलेजात शिकत होता. हात इतका गोड की दत्तोपंतसुद्धा कधीकधी स्वतःचा गज थांबवून ऐकत.

आणि मला छेडायला मनुबाई.

मनुबाईची आई बैठकीत गाणारी. त्या घराचं नाव गावात चारचौघांत कुणी घेत नसे, पण तिथलं गाणं मात्र सगळ्यांना पाठ. मनुबाईनं स्वतः गाणं सोडलं होतं. आवाज फुटला होता, म्हणायची. दत्तोपंतांनी तिला बोलावलं तेव्हा दोघा-तिघांनी नाकं मुरडली. दत्तोपंत म्हणाले, "या गावात तिच्यासारखा कान दुसऱ्या कुणाचा असेल, तर घेऊन या. मी तिला नको म्हणतो." कुणी आणला नाही.

ती सगळ्यांच्या मागं, भिंतीला टेकून बसायची. तारा टेकतात त्या घोडीवर रेशमाचा धागा केसभर सरकवून माझी जवारी, म्हणजे स्वराचा भरीव झणकार, अशी उघडायची की मलाच माझा आवाज नवा वाटे. खुंट्या फिरवताना तिची बोटं घाई करत नसत. ज्यानं तंबोरा लावताना माणसं पाहिली आहेत त्याला कळेल. कुणी आम्हाला पिळतात, कुणी मनवतात. ती मनवायची. मग मान वर करून दत्तोपंतांकडे पाहायची, आणि तिनं पाहिल्याशिवाय दत्तोपंत गज उचलत नसत.

लोक म्हणत, मंडळी दत्तोपंत चालवतात. खरं होतं ते. पण त्या एका नजरेशिवाय मंडळी सुरू झालेली मी पंधरा वर्षांत पाहिली नाही.

ती पंधरा वर्षं चांगली गेली. तापाच्या साथीत आमचे दोघे दगावले, तेव्हा महिनाभर हॉल बंद होता. पुन्हा माणसं जमली. संकेश्वरच्या उत्सवात वाजवलं, खानापुरात वाजवलं. ऐकणाऱ्यांना आधी समजायचंच नाही. "गाणारा कधी यायचा?" असं विचारायचे. मग हळूहळू गप्प व्हायचे. ती शांतता मला फार आवडायची.

१९२६ च्या सुमाराची गोष्ट. एका रविवारी दत्तोपंतांनी मला छेडलं आणि कपाळाला आठी घातली.

"मनुबाई, जवारी गेली का हो याची?"

जवारी गेली नव्हती. त्याच सकाळी तिनं लावली होती आणि मी भरून वाजत होतो. मनुबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "व्हय मास्तर, जरा बसलीया. लावतो मी."

तिनं धागा हलवल्यासारखं केलं. हलवला नाही.

पुढच्या रविवारी तिनं आपलं बसकर मागच्या भिंतीपासून उचललं आणि पुढं, दत्तोपंतांच्या समोर टाकलं. कुणी विचारलं तर म्हणाली, "मागं वारा लागतोय." त्या दिवसापासून एका हातानं ती मला छेडायची आणि दुसरा हात माझ्या दांडीवर ठेवायची. दत्तोपंतांचा स्वर उतरला की तिचा तळवा दांडीवरून वर सरके, चढला की खाली. लय पळायला लागली की अंगठा थांबे. दत्तोपंतांची नजर त्या तळव्यावर असायची. बाकीच्यांना वाटे, मास्तर एका जागी डोळे लावून तंद्रीत वाजवताहेत.

एकदा सगळे गेल्यावर दत्तोपंत माझी कापडी गवसणी हातात घेऊन तिच्यासमोर उभे राहिले.

"कधीपासून कळलं तुम्हाला?"

"जवारीचं इचारलंसा, तवापासनं."

"आणखी कुणाला?"

तिनं माझ्याकडे बोट केलं. दत्तोपंत हसले. असं हसू मी पुन्हा पाहिलं नाही. "त्याला चारच शब्द येतात," ते म्हणाले, आणि स्वतःच्या हातानं मला गवसणी घातली.

तिच्या ओठांवरचं त्यांना कळायचं. इतरांचं अर्धं कळायचं, अर्ध्याला ते मान हलवायचे. बहिऱ्या माणसाला ही सवय लागतेच. कळलं नाही म्हणण्यापेक्षा हो म्हणणं सोपं.

अशी पाच वर्षं गेली. एकतान मंडळी त्या पाच वर्षांत सगळ्यांत चांगली वाजली, हे माझं मत. दोन माणसं मिळून एक कान वापरत होती.

पण मार्तंडचं काय? त्यानं आता वकिली सुरू केली होती, कपाळावरचे केस मागं हटले होते. त्यानं भीमपलासीत एक रचना बांधली. रात्रंदिवस घोकली असावी. एका रविवारी दत्तोपंतांना एकट्यानं वाजवून दाखवली. मी कोपऱ्यात होतो. इतकी सुंदर होती ती, की माझ्या तारा आपोआप थरथरल्या. मनुबाई त्या दिवशी आली नव्हती.

दत्तोपंतांनी त्याच्या बोटांकडे पाहिलं, गजाकडे पाहिलं. मार्तंड थांबल्यावर मान हलवली. "ठीक आहे. पुढं बघू," म्हणाले आणि वही उघडली.

मार्तंडचा चेहरा पांढरा पडला. तीस वर्षांचा माणूस. पण त्या क्षणी त्याला कुणीतरी कुशीत घ्यायला हवं होतं. मला वाटलं, ओरडून सांगावं, अरे, त्यांनी ऐकलंच नाही! त्यांना आलंच नाही ऐकू! मी काय करणार? एखादी तार तुटली असती तरी बरं झालं असतं. तीही तुटली नाही.

त्यानंतर मार्तंड दत्तोपंतांकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागला. एका सकाळी तो त्यांच्या पाठीमागं गेला आणि हाक मारली, "मास्तर." पुन्हा, जरा मोठ्यानं, "मास्तर!" तिसऱ्यांदा तर हॉलच्या खिडकीतली चिमणी उडाली. दत्तोपंत वहीत लिहीत राहिले.

मार्तंड बराच वेळ तिथं उभा होता. आता याला समजलं, आता याचा राग जाईल, असं मला वाटलं. पण माणसांचा राग तसा जात नाही. त्यानं समोरच्या बसकराकडे पाहिलं, माझ्या दांडीकडे पाहिलं, आणि सगळा हिशोब त्याच्या ध्यानात आला. आपण इतकी वर्षं ज्याच्या मागं वाजवतो तो ऐकत नाही, आणि मंडळी चालवते ती मागच्या गल्लीतली बाई. त्याच्या रचनेला 'पुढं बघू' म्हणणारा माणूस असा. एवढंच त्याला दिसलं.

१९३१ च्या हिवाळ्यात निपाणीच्या एका तंबाखूच्या शेटनं बोलावणं पाठवलं. वखारीच्या अंगणात मांडव, गावातली सगळी मोठी माणसं. यल्लाप्पाला कोण आनंद! आपल्या गावात आपण वाजवणार म्हणून त्यानं नवा पटका आणला होता. आम्ही मोटारीनं गेलो. दुपारी चार वाजता मांडव भरला.

मनुबाई आपलं बसकर पुढं टाकत होती, तेव्हा मार्तंड तिच्याजवळ आला.

"मनुबाई, तुम्ही आज बसू नका. शेटचा निरोप आहे. घरंदाज बायका येणार आहेत."

शेटनं असा काही निरोप दिला नव्हता. मोटारीत मी मार्तंडच्या शेजारीच होतो, मांडवात शिरेपर्यंत त्याच्यापासून दूर नव्हतो. शेट त्याला फक्त "या, या" म्हणाले होते.

मनुबाई म्हणाली, "मास्तरांना ठावं हाय?"

"त्यांनाच विचारा की." मार्तंड वळला. दत्तोपंत पाठमोरे, गजाला राळ लावत होते. त्यानं त्यांच्या खांद्याला हात लावला आणि भरभर, ओठ फारसे न हलवता म्हणाला, "मनुबाई आज पुढं बसणार नाहीत. चालेल ना, मास्तर?"

दत्तोपंतांनी हसून मान हलवली. "हो, हो."

मनुबाईनं मला सतरंजीवर ठेवलं. माझा भोपळा कपड्याच्या चुंबळीवर नीट टेकवला, डुगडुगत नाही ना पाहिलं, आणि पदर सावरून मांडवाबाहेर गेली. मार्तंडच्या चुलतभावानं, शामूनं, मला उचललं. चांगला होता बिचारा. पण एका लयीत तारा ओढायच्या, यापलीकडे त्याला काही माहीत नव्हतं. त्याला बसवलं तेही मागं.

पहिली रचना सवयीनं निभावली. दुसरीत दत्तोपंतांच्या व्हायोलिनची तार उतरली. मला लगेच कळलं. मी सा म्हणत होतो आणि ते माझ्याखाली अर्धा स्वर वाजवत होते. ते डोळ्यांनी समोर तो तळवा शोधत होते. तिथं शेटचे पाहुणे बसले होते.

मंडळी फुटली. मारुतीराव मास्तरांच्या मागं गेले, यल्लाप्पा माझ्याबरोबर राहिला, तबला दोघांच्या मध्ये सापडला. मी सांगत होतो, जीव तोडून सांगत होतो, सा इथं आहे, इथं! पण तंबोऱ्याला मोठ्यानं बोलता येत नाही.

मार्तंडला लगेच सावरता आलं असतं. त्यानं दोन आवर्तनं जाऊ दिली. मग तो ताठ बसला, गज उचलला आणि स्वच्छ, भरलेल्या सुरात धरलं. सगळे त्याच्याकडे धावले. बुडणारा काठाकडे जातो, तसे. आणि दत्तोपंत एकटेच त्यांच्या त्यांच्या सुरात वाजवत राहिले.

लोक हसायला लागले. दत्तोपंतांनी ते चेहरे पाहिले आणि त्यांना वाटलं, दाद मिळतेय. तेही हसले. मान तुकवली. वाजवत राहिले.

यल्लाप्पानं बासरी खाली टाकली. उठून गेला आणि त्यांचा गजाचा हात धरला.

"मास्तर, बास. थांबा आता. थांबा की ओ."

तेव्हा कुठं दत्तोपंतांनी सगळ्यांकडे नीट पाहिलं.

पुढच्या रविवारी हॉलमध्ये सगळे आले, पण वाद्यं कुणी उघडली नाहीत. दत्तोपंत उभे राहिले. पाच वर्षांपासून ऐकू येत नाही, असं त्यांनी शाळेत धडा सांगतात तसं सांगितलं. मग म्हणाले, "मंडळी मी चालवत नव्हतो. मनुबाई चालवत होत्या. आता उघडपणे त्यांनी चालवावी, असं मला वाटतं."

यल्लाप्पा म्हणाला, "चालवू देत की. सुराला बाई-गडी कुठं असतंय?" मारुतीरावांनी मान डोलावली. बाकीचे सतरंजीचे दोरे उपटत बसले. एकजण म्हणाला, "आमच्या घरी चालणार नाही, मास्तर." दुसरा म्हणाला, "हॉल बंद करतील." मार्तंड काहीच म्हणाला नाही, आणि त्याच्या गप्प बसण्याला सगळ्यांनी होकार दिला.

मनुबाई दारात उभी होती. यल्लाप्पानं तिला बळेच आणलं होतं. ती आत आली, सरळ दत्तोपंतांसमोर गेली आणि सावकाश, एकेक शब्द सोडवून म्हणाली, "मास्तर, त्या दिवशी मला उठवायला तुम्ही हो म्हणालासा?"

दत्तोपंतांचे डोळे पाण्यानं भरले होते. त्यांना तिचे ओठ दिसले नसणार. आपल्याला काहीतरी मायेचं विचारलं जातंय, असं त्यांना वाटलं असावं.

"हो," ते म्हणाले. "हो, हो."

ती वळली आणि गेली. दत्तोपंत हाक मारत होते, "मनुबाई, हा तंबोरा तरी न्या! तुमचाच आहे!" ती थांबली नाही. मी सतरंजीवर होतो, माझ्यापासून दार दहा पावलांवर होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. माझं वाक्य वेगळं होतं.

मग मार्तंड म्होरक्या झाला. खोटं बोलणार नाही, त्यानं मंडळी चांगली चालवली. त्याची भीमपलासीतली रचना गावोगाव गाजली. पण मला लावायला वेळ लागतो म्हणून त्यानं सुरासाठी पेटी आणली. भाता दाबला की सा तयार. मला गवसणीत घालून कपाटात उभं केलं. मारुतीराव त्याच वर्षी यायचे बंद झाले. यल्लाप्पा निपाणीला परत गेला.

दत्तोपंत अधूनमधून शाळेत येत. शिपायाकडून कपाट उघडून घेत, गवसणी काढत, तार छेडत आणि भोपळ्याला छाती लावून बसत. कानांना नाही, पण हाडांना मी कळत असेन. १९३८ मध्ये ते यायचे थांबले. ते गेल्याचं मला शिपायांच्या बोलण्यातून समजलं. माझ्या तारा उतरवायचं कुणाला सुचलं नाही; एकेक करून त्या कपाटातच तुटल्या.

बेचाळीसमध्ये तिघेजण तुरुंगात गेले, लढाईपायी शाळेचा हॉल धान्य ठेवायला घेतला. एकतान मंडळी कधी मोडली, ती तारीख कुणी सांगू शकणार नाही.

यंदा, सत्तेचाळीसच्या श्रावणात, कपाट उघडलं. समोर मार्तंड. केस पांढरे, हातात काठी. स्वातंत्र्याच्या दिवशी मंडळीनं वाजवावं असं गावकऱ्यांना वाटत होतं. त्यानं माणसं शोधली तर चौघं उरली होती. तो मला घेऊन खाली बसला. नव्या तारा चढवल्या, खुंट्या पिळल्या. तास गेला. सूर लागेना. पेटीच्या सवयीनं कान मऊ झाला होता.

दुसऱ्या दिवशी मला गोणपाटात आणि मेणकापडात गुंडाळून त्यानं गाडी केली. वाटेत एका ओढ्यापाशी बैल अडले तेव्हा त्यानं मला खांद्यावर घेतलं. मनुबाई जांबोटीला, बहीण जयाबाईच्या घरी राहते, असं त्याला समजलं होतं. भाताची खाचरं, गुरांचा गोठा, कौलांतून गळणारं पाणी. मनुबाई चुलीपुढं बसली होती. तिनं मला आधी ओळखलं, त्याला नंतर.

मार्तंड उंबऱ्यावरच बसला. म्हणाला, "तुम्हाला न्यायला आलो होतो. पण त्याआधी एक सांगायचंय. निपाणीला शेटनं काही निरोप दिला नव्हता. तो मी बनवला. आणि मास्तर हो म्हणाले ते... त्यांना ऐकूच आलं नव्हतं. ऐकू येऊ नये असंच मी बोललो होतो."

मनुबाईच्या हातातली फुंकणी तशीच राहिली.

"आन हॉलमधी? मी इचारलं तवा?"

"तेव्हाही कळलं नसावं. ते रडत होते."

जयाबाई गोठ्यातून आत येत होती, ती दारातच थांबली. मनुबाईनं फुंकणी खाली ठेवली.

"सोळा वर्सं मी त्या माणसावर रुसून बसलो," ती म्हणाली. "गेल्याचं कळलं, तरी उठून गेलो न्हाय."

"मला क्षमा करा, मनुबाई."

"मला कशाला सांगतायसा आता? त्यास्नी सांगायचं हुतं." मग चुलीवर आधण ठेवत, "च्या घ्या. पावसात आलासा."

ती बेळगावला गेली नाही. गुडघ्यांनी तिला आता चालवत नव्हतं. मार्तंड मला तिथंच ठेवून गेला. त्या दिवशी तिकडं कुणी काय वाजवलं, मला ठाऊक नाही.

आता मी तिच्या उशाशी, भिंतीला टेकून असतो. जांबोटीचा पाऊस तुम्हाला माहीत असेल. महिना झाला, ऊन नाही. दांडी आणि भोपळा जिथं जुळतात तिथली लाख सुटत चालली आहे. भोपळ्यावर बसवलेल्या लाकडी तबलीवर बुरशीचा हात फिरलाय. मनुबाई रोज सकाळी मला पुसते आणि खुंटीला हात घालते. तिची बोटं संधिवातानं वाकडी झाली आहेत, खुंटी फिरत नाही. जयाबाईला सांगते, "चढव गं. आणि जरा. न्हाय, फार झालं, उतरव." जयाबाईच्या हाताला नांगराची सवय, एक तार तिनं काल तोडली. दोघी हसल्या. मग मनुबाईनं तोंड भिंतीकडे केलं.

बाबांनो, कुणी या वाटेनं येणार असाल तर एक तासभर थांबा. गाणं यायला नको, तुम्हाला काहीच यायला नको. ती सांगेल तेवढी खुंटी फिरवा. तिचा कान अजून जशाचा तसा आहे. जोड अजून धरून आहे, पाऊस उघडेपर्यंत धरेल असं वाटतं. पण लवकर या.